चाळिसावं नाव

"मागल्या साली सायकलवरून पडून हात मोडून घेतला तिनं," जुबेदा म्हणाली. "आता पायच मोडायचा राह्यलाय का?"

उमा त्या दारात तिसऱ्यांदा आली होती. आतल्या खोलीच्या पडद्याआडून तरन्नुमचा एक डोळा दिसत होता.

"एकोणचाळीस खेळाडू झाले, भाभी. तुमची तरन्नुम आली की चाळीस. मुलींच्या संघाच्या अकराही पुऱ्या होतील."

दोन वर्षांपूर्वी उमाच्या फुटबॉल क्लबात नऊ पोरं होती. गॅरेजवाला इस्माईल त्यांना सकाळी शिकवायचा, आणि उमा बँक सुटली की जुन्या जालन्यात गल्लोगल्ली फिरायची. कुठं आजोबांना समजवायची, कुठं शिकवणीवाल्यांना वेळ बदलायला लावायची. राजूरहून दोन भाऊ रविवारी एसटीनं यायचे, कारण ती स्वतः जाऊन त्यांच्या वडिलांना भेटली होती. चाळीस खेळाडू आणि मुलींचा एक संघ असला, की चौदा वर्षांखालच्या स्पर्धेचं यजमानपद मिळणार होतं. सहा जिल्ह्यांचे संघ जालन्यात येणार होते.

"तुम्हाला लेकरं हैत का, मॅडम?" जुबेदानं विचारलं.

"एक मुलगा आहे. ऋषी. सांगलीला असतो, वडिलांकडं. तिकडच्या संघात खेळतो. डावखुरा आहे. गेल्या वर्षी अकरा गोल केले त्यानं."

"तुमच्याबिगर राहतो?"

"राहतो." उमानं पदर सारखा केला. "रविवारी बोलतो फोनवर. स्पर्धा इथं झाली तर येईल. सांगलीला बोलावणं जाणारच आहे."

जुबेदानं पडदा बाजूला केला. "चल गं, मॅडमला नाव सांग तुझं. पूरं सांग." आणि उमाकडं वळून म्हणाली, "लेकरासाठी एवढी उन्हातान्हात फिरून राह्यल्या तुम्ही. पहिल्या दिवशीच सांगायचं ना."

दोन दिवसांत सगळ्या क्लबाला कळलं, की मॅडमचा मुलगा येणार. राजूरच्या धाकट्यानं विचारलं, तो किती जोरात मारतो? उमानं सांगितलं, परवाच्या सामन्यात बॉल गोलकीपरच्या हातातून निसटून जाळीत गेला. ती असं सगळं बारकाईनं सांगायची. कोणत्या रंगाचे बूट, कोणत्या मित्राशी पटतं, केस कसे कापून घेतले. पोरं ऐकत राहायची.

इस्माईलनं एकदा विचारलं, "मॅडम, तुम्हीच का जाऊन येत न्हाई? एका रात्रीचा तर रस्ता आहे."

"रजा कुठं मिळते, इस्माईलभाई?"

"मंग त्याला सुट्टीत बोलवा की."

"शाळा, क्लास, सराव. त्याला तरी वेळ कुठाय?"

इस्माईलनं मान हलवली. त्याची स्वतःची पोरगी दोन दिवस मामाकडं गेली तरी त्याला घर सुनं वाटायचं. मॅडम मनानं लई घट्ट आहेत, असं तो घरी सांगायचा.

जानेवारीत स्पर्धा ठरली. मैदानावर चुन्याच्या रेषा आखल्या, मांडव घातला. उमानं नवी निळी साडी नेसली होती. जुबेदा सकाळीच गाजराचा हलवा घेऊन आली. "गरम आहे तोवर खाऊ द्या त्याला," ती म्हणाली.

सांगलीची बस नऊला आली. पोरं एकेक करून उतरली.

"कोणता आपला ऋषी?" इस्माईलनं विचारलं.

उमा नोंदणीच्या टेबलामागं बसली होती. ती उठली, आणि परत बसली.

"तो. सात नंबरचा. उंच झालाय."

"आवाज देऊ का?"

"नको." ती पटकन म्हणाली. "संघासोबत आहे तो. आधी नोंदणी होऊ द्या. येईलच इकडं."

तिनं पाण्याचा ग्लास उचलला. तो न पिताच खाली ठेवला. मग समोरचे कागद सारखे केले. ते आधीच सारखे होते.

सांगलीची पोरं रांगेत उभी राहिली. उमा प्रत्येकाचा फॉर्म पाहून शिक्का मारत होती. सात नंबरचा पोरगा सहावा होता. तो टेबलाशी आला तशी जुबेदा डबा घेऊन पुढं सरकली. इस्माईलनं हातानंच तिला थांबवलं.

"मायलेकांना बोलू द्या जरा," तो हळूच म्हणाला. दोघं मांडवाच्या खांबाशी जाऊन उभे राहिले. जुबेदानं डोळ्यांना ओढणी लावली.

"नमस्कार, मॅडम," पोरगा म्हणाला आणि त्यानं फॉर्म पुढं केला.

उमा त्याच्याकडं बघत राहिली. समोरचा एक दात किंचित तिरका आला होता. कानाच्या पाळ्या अगदी तिच्या वडिलांसारख्या होत्या.

"प्रवासात त्रास नाही ना झाला?"

"नाही."

"काही खाल्लंस?"

"हो, बसमध्ये पोहे खाल्ले." तो एका पायावरून दुसऱ्या पायावर झाला. मागचा पोरगा त्याला ढोसत होता.

उमानं फॉर्म वाचायला घेतला. नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव. अक्षर त्याच्या वडिलांचं होतं, तिच्या ओळखीचं. तिचं बोट खालच्या ओळीवर थांबलं.

"आईचं नाव राहिलंय," ती म्हणाली. "सांग. मी लिहिते."

"उमा."

पेन हातातच राहिलं. नाव ठाऊक होतं त्याला. इतक्या वर्षांनी, त्या घरात वाढूनही, ठाऊक होतं. तिनं वर पाहिलं आणि ती हसली. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं, तोच पोरगा फॉर्मवर वाकला.

"असं नाही, मॅडम," तो म्हणाला. "नावाच्या आधी कै. लिहायचं."