काडतुसाचा फोटो

डोळखांबच्या भगीरथने नाचणीच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक घेतली होती, पण नऊ वर्षांत एकही बार काढला नव्हता. त्याचा जीव काडतुसांत अडकलेला. देवाच्या टाकांसारखी चिंचेने घासायची आणि मोबाइलला भिंग लावून अगदी जवळून फोटो काढायचे. आज एकाचं पितळी बूड आरशासारखं झळाळलं. काडतूस बांधावरच्या दगडावर ठेवून तो पालथा पडला, तोच मागून बायको ओरडली, “अवो, नाचणीत डुकर शिरला! बंदूक आणा!” “थांब गो, ऊन बरोबर पितळेवर आलंय.” त्याने श्वास रोखला. मागे परात दणाणली, इकडे बटण दाबलं गेलं. फोटो मोठा करून बघतो तर पितळेत इवलंसं रानडुक्कर शेपूट उभारून पळतंय आणि पाठोपाठ पदर खोचून, परात बडवत बायको! हरखून त्याने तिला दाखवला. “बेस आलाय,” ती म्हणाली. “परवान्यावर तुमच्या फोटोऐवजी हाच चिकटवा!”