जाड भिंगं

आईबाबांनी मला दत्तक घेतलं, तेव्हा मी नुकती चालायला लागले होते. बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. "लेक कुणावर गेलीय हो?" गिऱ्हाइकानं सहज विचारलं, की बाबा न पडलेला स्क्रू टेबलाखाली शोधायला लागायचे. शाळा सुटली की मी तिथंच. चष्मा कपाळावर सारून ते आणि त्यांना खेटून मी, दोघंही घड्याळाला नाक लावून बसायचो. "जरा उन्हात खेळ की गं, डोळे जातील!" आई ओरडायची. मला फळ्यावरचं दिसेना, तेव्हा तिघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. माझे डोळे तपासून डॉक्टरांनी बाबांच्या जाड भिंगांकडे पाहिलं. "बापावर गेलीय, दुसरं काय!" आई खरं सांगणार, एवढ्यात बाबांनी तिचा हात दाबला. पुढे कितीतरी दिवस, गिऱ्हाइकाचं घड्याळ हातात घेण्याआधी ते त्याला माझा चष्मा दाखवायचे. "बघा, थेट माझ्यावर गेलीय!"