बोट उचलली तेव्हा

बोट काही केल्या पाण्याच्या वर येईना. बुद्धघोषनं शीड ताणून बघितलं, जरा सैल सोडून बघितलं, पण तळ पाण्याला चिकटलेलाच. मुरुम गावाजवळच्या त्या धरणावर दुपारचा वारा तर चांगला सुटला होता. काठावर अर्धं गाव जमलं होतं. बोटीत त्याच्याशिवाय एकटी त्याची आई, चांगुणाबाई, नवं लुगडं नेसून, दोन्ही हातांनी कड धरून बसली होती.

बुद्धघोष गोव्यात बोटी बांधायचं काम करायचा. दोन माणसं आत झोपतील एवढी ही जुनी शिडाची बोट त्यानं ट्रेलरवर घालून गावी आणली होती आणि तिच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमची वाकडी पाती बसवली होती. वेग आला की ही पाती पाण्याखाली पंखासारखी काम करतात आणि सगळी बोट वर उचलून धरतात. शर्यतीच्या हलक्या बोटी अशा उडतात. मुक्कामाची जड बोट उडवायची, हा त्याचा ध्यास. त्यासाठी आतल्या फळ्या, स्टोव्ह, नांगर, बॅटरी, सगळं त्यानं सकाळीच काठावर उतरवलं होतं. पहिल्यांदा उडेल तेव्हा तू आत असशील, हे मात्र तो आईला फोनवर कितीदा तरी बोलला होता.

धरणाच्या मध्यावर, पाणी आटल्यानं उघडी पडलेली एक खडकाळ टेकडी होती. त्यानं पाती वर ओढून घेतली आणि बोट तिकडं वळवली.

"आई, जरा इथं उतरतीस का? एक चक्कर मारतो अन् लगेच येतो."

तिनं त्याच्याकडं बघितलं, मग काठावरच्या माणसांकडं. लुगडं वर खोचलं आणि गुडघाभर पाण्यातून खडकावर गेली.

खोल पाण्यात येऊन त्यानं पाती पुन्हा खाली सोडली. या खेपेला बोट थरथरली. पुढचं टोक उचललं, मग मागचं, आणि तळाखाली खळखळणारं पाणी एकाएकी गप्प झालं. बुद्धघोषला आधी कळेचना काय झालं ते. मग त्यानं खाली वाकून बघितलं, तर बोट आणि पाण्याच्या मधून ऊन आरपार दिसत होतं. काठावरून आरोळ्या आल्या. तो एक चक्कर मारून वळला, दुसरी मारली, आणखी एक मारली.

टेकडीजवळून जाताना आई उभी राहिलेली दिसली. तिनं हात वर केला होता. शाबासकीचा हात नव्हता तो, बोलावत होती ती. त्याला ते चांगलं कळलं. तिच्याकडं वळायचं म्हणजे वारा सोडायचा, बोट खाली बसणार, आणि पुन्हा उचलेल याची खात्री नाही. त्यानंही हात वर केला, हसून हलवला आणि पुढं गेला.

काठाशी येईपर्यंत वारा मंदावला आणि बोट अलगद पाण्यात बसली. माणसं कमरेइतक्या पाण्यात शिरून त्याला भेटायला आली. शाळेतले मल्लिनाथ मास्तर त्याला मिठी मारून म्हणाले, गावाचं नाव केलंस. कुणी फोटो काढले, कुणी पाती हात लावून बघितली. वजन किती कमी केलं म्हणून एकानं विचारलं, तेव्हा बुद्धघोष रंगात येऊन सगळं सांगत सुटला. बोट पाण्यावर कशी येते ते बोलता बोलता हातानं दाखवत होता.

त्याची बायको, श्रावस्ती, गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ आली. आवाज न चढवता तिनं विचारलं, "आई कुठायत?"

त्याचा हात हवेतच राहिला.

"आणायलाच निघालो," तो म्हणाला.

वारा आता पुरता पडला होता. त्यानं वल्हं घेतलं. मघा पाण्याला न टेकता गेलेली बोट आता म्हशीसारखी जड झाली होती. टेकडी जवळ येता येईना. तिच्यावर एक निष्पर्ण बाभूळ, आणि तिच्या काडीएवढ्या सावलीत डोक्यावरून पदर ओढून आई बसलेली. खडक एवढे तापले होते की उतरल्या उतरल्या त्याचे तळवे पोळले. आईचे पाय अनवाणी होते. बोट मळायला नको म्हणून चपला तिनं निघतानाच काठावर काढल्या होत्या.

तिनं त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि बोटीत येऊन बसली. तो मान खाली घालून वल्हं मारत राहिला. निम्म्या वाटेवर त्याला राहवेना.

"आई, मघाशी मला..."

"वारं पडलं असंल," ती म्हणाली.

खरं सांगायला तेवढीच जागा होती. पण त्याच्या तोंडून आलं, "व्हय. वारंच पडलं."



काठावर मास्तरांनी तिला हात देऊन उतरवलं आणि हसत विचारलं की, पोरगं बोट उडवतंय अन् तुम्ही तिथं उन्हात काय करत होता? चार माणसं उत्तर ऐकायला वळली. बुद्धघोषनं दोरी बांधायचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"म्याच म्हणलं त्याला," चांगुणाबाई म्हणाली, "मला हितं ठेव. लांबनं चांगलं दिसतंय."

"मग दिसलं का?"

"दिसलं की. लई उंच गेला."

माणसांना ते फार आवडलं. कुणीतरी मोबाईल तिच्यापुढं धरून बोट उडतानाचा व्हिडिओ लावला. तिनं तो हलकेच बाजूला केला आणि श्रावस्तीच्या हातातली पाण्याची बाटली घेतली. ती उभ्या उभ्याच पाणी पीत राहिली, मध्ये न थांबता, बाटली दोन्ही हातांनी धरून. पाणी हनुवटीवरून नव्या लुगड्यावर सांडत होतं. बुद्धघोष दोरीला गाठीवर गाठ मारत होता.