पंख्याआडची ओवी

सुलतान बाजारातल्या हिम्मतरावांच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात भिंतीतला पंखा तीस वर्षं घरघरत होता. कपडे धुण्याच्या रसायनाची विषारी वाफ तो बाहेर फेकायचा. तरी प्रमिलाबाईंचं डोकं ठणकायचंच, आणि त्या घरघरीत नवराबायकोला ओरडूनच बोलावं लागायचं. आज रसायनाऐवजी पाण्यानं धुणारं नवं यंत्र आलं; पण गिऱ्हाइकाचं रेशीम त्यात टाकायला हिम्मतराव धजेनात. “रंग उतरला तर?” बाईंनी पिशवीतून स्वतःचा लग्नातला शालू काढला आणि यंत्रात सोडला. “उतरलाच तर माझा!” ओला शालू बाहेर आला. हिम्मतरावांनी त्यावर पांढरा रुमाल घासला. रुमाल पांढराच! हरखून त्यांनी पंखा कायमचा बंद केला. त्या शांततेत ओवी ऐकू आली. बाई शालू झटकत गुणगुणत होत्या. “कधीपासून गातेस गं?” ते ओरडले. “तीस वर्षं झाली. आणि आता ओरडता कशाला हो?”