साव्हेताबाईचं जिवंतपणीचं जेवण

"हात वर कर. अजून वर. मेलेल्या कोंबडीसारखे लोंबकळतायत नुसते!"

झाम्फिराने हात वर केले. नवा काळा झगा तिच्या अंगावर होता आणि शेजारची शिंपीण आंगेलिना टाचण्या घेऊन तिच्याभोवती फिरत होती. सासू, म्हणजे साव्हेता, खाटेवर बसून भोपळ्याच्या बिया फोडत होती आणि टरफलं सुनेच्या पायाशी थुंकत होती.

"सुनेचं माप कशाला गं, साव्हेताबाई?" आंगेलिना म्हणाली. "कमरेत घट्ट होईल तुला."

"माझे गुडघे गेलेत, उभं राहवत नाही. तिच्या अंगाला नीट बसू दे. आणि तुझ्याकडे अक्कल जास्त झाली असेल तर नवऱ्याला वाट. त्याला कमी आहे."

आंगेलिनाने पुढची टाचणी लावली. साव्हेतापुढे सगळेच गप्प बसायचे.

डोंगराखालच्या या गावांत ज्याचा पोटच्या पोरांवर भरवसा नसतो, तो आपल्या मरणाचं जेवण जिवंतपणीच घालतो. पाद्री येतो, मेणबत्त्या लागतात, नवे कपडे आणि बूट दान होतात. क्रूसही तयार करून ठेवतात. त्यावर नाव असतं, जन्माचं साल असतं, आणि मरणाची जागा कोरी. मग ती माणसं आणखी कितीतरी वर्षं जगतात आणि दुसऱ्यांच्या जेवणाला नावं ठेवतात.

साव्हेताचा कुणावरच भरवसा नव्हता. लोकांच्या मयताला गेली तर प्रसादाचे उकडलेले गहू ती चाखून थुंकायची. स्वतःचा मुलगा, इलारिए, शवपेटीत ठेवला होता तेव्हाही तिने पाद्रीला मधेच थांबवून सांगितलं होतं, "बाबा, सूर चुकतोय तुमचा."

त्या इलारिएने मरताना बायकोकडून एकच शब्द घेतला होता. आईचं जेवण होईपर्यंत तिला सोडू नकोस. झाम्फिराने शब्द दिला आणि अडकली. दर शरद ऋतूत म्हातारी जेवण पुढे ढकलायची. कधी डुक्कर बारीक, कधी आलुबुखारे आंबट, कधी पाद्रीला सर्दी. गाव हळहळायचं. हळहळायला काय लागतं? मदतीला कुत्रं आलं नाही.

आणि या वर्षी म्हातारी स्वतःहून म्हणाली, "शनिवारी उरकून टाकू."

झाम्फिरा गोठ्यामागे जाऊन डोक्याच्या रुमालात तोंड खुपसून रडली. इटलीत राहणाऱ्या तिच्या लेकीचे, ओआनाचे, दिवस भरत आले होते. झाम्फिराची पिशवी मक्याच्या सोलपटांखाली कधीची भरून ठेवलेली होती. शनिवारी संध्याकाळची बस, की सुटली.

शुक्रवारी बूट आले.

"घाल."

"आई, तुमचा पाय मोठा आहे. हे माझ्याच मापाचे झालेत."

"घाल म्हटलं ना. सैल कर जरा. लांब जायचंय यात."

त्याच दिवशी पलीकडच्या गावच्या सुताराने क्रूस आणून अंगणात उभा केला. गोणपाटात गुंडाळलेला, वर सुतळी. झाम्फिरा सुतळीला हात लावणार, तोच खिडकीतून आवाज आला.

"ए भवाने! तो पाद्रीबाबा उघडतील. तुला कसली घाई?"

शनिवारी अंगणात टेबलं मांडली. म्हातारीने सुनेला नवा झगा आणि नवे बूट घालून बसवलं. दानाचे कपडे जेवणाच्या दिवशी दुसऱ्या बाईच्या अंगावर चढवूनच देतात, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. "अखेर दिलं हो काहीतरी सुनेला," आंगेलिना कुजबुजली.

"तोंडात कोबी आहे ना तुझ्या? मग चाव!" साव्हेता लांबून ओरडली. मग सरपंचाला म्हणाली, "आणि तू तिसऱ्यांदा पेला भरतोयस. माझं जेवण आहे की तुझं लग्न?"

लोक हसले. घाबरतच हसले.

झाम्फिरा वाढायला उठली तर म्हातारीने तिचा खांदा दाबून खाली बसवलं. एका वेगळ्या छोट्या भांड्यातून तिने कोंबडीचं आंबट सूप वाडग्यात ओतलं आणि सुनेपुढे ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. अख्खं टेबल बघत राहिलं.

"खा. आज तू पाहुणी."

झाम्फिराचे डोळे भरून आले. तिने चमचा तोंडात घातला.

"कडू लागतंय?"

"नाही आई. छान झालंय."

"खोटारडी. कडूच आहे. पाला जास्त पडला. पुसून खा, टाकायचं नाही."

शेवटचा दिवस. शेवटच्या दिवशी कशाला वाद? झाम्फिराने पाव बुडवून वाडगा पुसून काढला. म्हातारी तिच्या प्रत्येक घासाकडे बघत होती. मग तिच्या कानाशी वाकली.

"बस किती वाजता येते गं चर्चपाशी?"

झाम्फिराचा हात थांबला. "कसली बस, आई?"

"काही नाही. पाणी पी."

ऊन कलायला लागलं. पाद्रीने धूपदान हलवत सगळ्यांना क्रूसाभोवती बोलावलं. झाम्फिरा उठली. पाय जड झाले होते. नव्या बुटांमुळे असेल, तिला वाटलं. बसपर्यंत चालायचंय फक्त.

"सुतळी कापा, बाबा," साव्हेता म्हणाली. "आणि मोठ्याने वाचा. मागच्यांना ऐकू जाऊ दे."

गोणपाट खाली पडलं. पाद्रीने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

ओकच्या लाकडावर झाम्फिराचं नाव कोरलेलं होतं. खाली तिच्या जन्माचं साल होतं. आणि जिथे जागा कोरी सोडतात, तिथे आजची तारीख होती.