स्वल्प, सही, सरी

“अक्काच्या गुडघ्याची सूज कशी आहे रे, गिरी? स्वल्प तरी उतरली का?”

मल्हाररावांनी हे मराठीत विचारलं, आणि टेबलाच्या अलीकडे एकजुटीने बसलेले तिघे बसल्या जागी दोन आणि एक झाले.

तोवर बोलणी कन्नडमध्ये चालली होती. मल्हारराव बसवनगुडीतल्या त्या खाजगी कॉलेजचे सेक्रेटरी. समोर फिजिक्सचा गिरीराज, केमिस्ट्रीचा विश्वेश्वर आणि इंग्रजीच्या पंकजा मॅडम. अकरा कंत्राटी लेक्चररांनी या तिघांना बोलणी करायला पाठवलं होतं. दर मार्चअखेर काढून टाकायचं आणि जूनमध्ये पुन्हा नवा माणूस म्हणून घ्यायचं, हा खेळ सात वर्षं चालला होता. शहाण्णवच्या मे महिन्यात अकरा जणांनी एकदाचं ठरवलं: करार सलग तीन वर्षांचा, आणि तोही सगळ्यांना. तोपर्यंत कुणी एकट्याने सही करायची नाही.

गिरीराजने मराठीतच उत्तर दिलं. वडिलांच्या वयाच्या, आपल्याच मराठी समाजातल्या माणसाने आईची चौकशी करावी आणि आपण त्याला परक्या भाषेत उत्तर द्यावं, हे त्याच्या जिभेला जमलंच नाही.

“सूज आहेच, अण्णा. चालताना स्वल्प त्रास होतो.”

“आणि मंडळाच्या अर्जावर तुझी सही राहिलीय बघ. रविवारी येऊन तेवढी करून टाक.”

“सरी, अण्णा.”

मल्हाररावांनी समाधानाने मान हलवली आणि दहा मिनिटं कॉफीसाठी बोलणी थांबवली.

व्हरांड्यात विश्वेश्वरने कॉफीला हातही लावला नाही. “कसली सही?”

“आमच्या मराठी मंडळाचा अर्ज आहे. हॉस्टेलच्या जागेसाठी.”

“आणि स्वल्प काय? कुणाला स्वल्प, किती स्वल्प?”

“आईच्या गुडघ्याचं विचारत होते.”

खरं कारण इतकं फुसकं होतं की सांगताना गिरीराजलाच ते खोटं वाटलं. बंगळूरच्या जुन्या मराठी घरांतली मराठी अशीच, चार शब्द आपले आणि एक शेजाऱ्यांचा. विश्वेश्वरला नेमके शेजाऱ्यांचेच कळले होते. स्वल्प म्हणजे थोडं, सही म्हणजे दोन्हीकडे सहीच, आणि सरी म्हणजे ठीक आहे. एवढ्यावर कुणीही अख्खा सौदा जुळवला असता. विश्वेश्वर तर केमिस्ट्रीचा होता.

“गुडघ्याची चौकशी कन्नडमध्ये करता येत नाही?” पंकजा मॅडमनी विचारलं. बाई वाईट नव्हत्या. पण घरात नवरा दोन वर्षं आजारी, आणि सगळं त्यांच्या या नोकरीवर चाललेलं.

“मॅडम, माझ्यावर विश्वास नाही का तुमचा?”

“आत जायची वेळ झाली,” मॅडम म्हणाल्या.

आत गेल्याबरोबर गिरीराजने कन्नड धरलं. “सर, यापुढे कन्नडमध्येच बोलू या.” अण्णा म्हणायचंही त्याने मुद्दाम टाळलं.

“सरी,” मल्हारराव हसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वच्छ कन्नडमध्ये म्हणाले, “मग आपलं जे ठरलंय, ते तसंच ना?”

ठरलं होतं ते रविवारचं. पण हो म्हणावं तर फितूर ठरणार, आणि नाही म्हणावं तर आधी काहीतरी ठरलं होतं हे कबूल केल्यासारखं. गुडघ्याची चौकशी कशासाठी होती ते गिरीराजला आत्ता कळलं. स्वतःच्या भाबडेपणाचा त्याला भयंकर राग आला.

मल्हाररावांनी ड्रॉवरमधून टाईप केलेले करार काढून टेबलावर ठेवले. जून ते मार्च, जसेच्या तसे. “आज जो सही करेल, त्याचं या वर्षाचं नक्की. उद्याचं मी काही सांगू शकत नाही.”

विश्वेश्वरने खिशातलं पेन काढलं.

“विश्वा, थांब. आपलं काय ठरलंय?”

“कुणाकुणाचं काय काय ठरलंय ते ऐकलं आम्ही,” विश्वेश्वर म्हणाला आणि त्याने सही केली. पंकजा मॅडमनी एकदा गिरीराजकडे पाहिलं. मग चष्मा घातला, कागदावरचं आपलं नाव बरोबर आहे ना ते तपासलं आणि त्याखाली सही केली.

“उरलेल्या आठ जणांना पाठवून द्या,” मल्हारराव म्हणाले.

अकरातून तीन गेले की आठ उरतात, आणि सही तर दोघांचीच झाली होती. गिरीराजच्या हे लक्षात येईतो मल्हारराव उठून त्याच्याजवळ आले होते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लेकराची समजूत काढावी इतक्या मायेने, मराठीत म्हणाले, “तुझा कागद काढलेला नाही रे, गिरी. जूनपासून येऊ नकोस.”

दारात थांबलेल्या दोघांना खांद्यावरचा हात दिसला. कागद आणि जून हे दोन शब्दही कळले.

गिरीराज त्यांच्या मागे व्हरांड्यात धावला. “माझा कागदच नाही त्यात,” तो कन्नडमध्ये म्हणाला. “मला काढलंय, विश्वा.”

विश्वेश्वर वळलासुद्धा नाही. “तुला कागद कशाला लागतोय?” तो म्हणाला आणि जिना उतरायला लागला.