डावीकडचा ब्रेक

मुलीने चौथ्या चाकातली हवा सोडायला घेतली, तेव्हा आईला राहवलं नाही.

"तीस वर्षं मी गाडी शिकवत आलेय, निघण्याआधी हवा बघा म्हणून. आणि तू काढतेयस!"

"निम्मीच काढतेय. टायर जरा बसलं की दगड घट्ट धरतं," मुलगी म्हणाली. "आणि आज तू शिकवायचं नाहीस. नुसतं बसायचं."

"बसतेच आहे की."

गाडी इतकी उंच करून घेतली होती की डावीकडच्या सीटवर चढताना आईला गुडघ्यावर हात रेटून जोर लावावा लागला. तिने कापडी पिशवी पायांशी ठेवली. मग उचलली. मग पुन्हा तिथेच, पण नीट पसरून ठेवली.

समोर घळीपर्यंत उतार होता, घळीच्या तळाशी ओढा. वाट म्हणजे दोन चाकोऱ्या, मध्ये दगड आणि सगळीकडे सुटा मुरूम. डावीकडे खोल दरी, उजवीकडे दरड. घळीपलीकडच्या वस्तीत मुलगी सोमवारपासून गुरांची डॉक्टर म्हणून जाणार होती. लसींची पेटी मागे ठेवून, एकटी. जुनी गाडी घेऊन चार महिने गॅरेजात खपली होती ती त्यासाठीच. जाड टायर, इंजिनखाली लोखंडी पत्रा, पुढे भक्कम बंपर. खरा उतार गाडीने अजून पाहिला नव्हता. मुलीनेही.

"बेल्ट?"

"लावलाय."

"आरसा?"

"आई."

"बरं, बरं."

मुलीने छोटा दांडा ओढून गाडी सगळ्यात हळू गिअरात टाकली. "आता इंजिनच गाडीला धरून ठेवतं. ब्रेक दाबायचाच नाही. चाकं अडकली की गाडी घसरते."

"उतारावर ब्रेक दाबायचा नाही? माझ्या क्लासला असतीस तर नापास केलं असतं."

"तुझ्याच क्लासला होते."

गाडी उतरू लागली. माणूस चालेल त्याहून हळू. पत्र्याखाली दगड करकरले. आईने दारावरचा दांडा धरला, सोडला, परत धरला. पदराने मान पुसली. चपलेत तिची बोटं हलत होती. पुढचं उजवं चाक एका धोंड्यावर चढलं, धपकन उतरलं आणि काचेतून एकदम सगळी घळच दिसायला लागली.

चारही चाकं जागच्या जागी थांबली. गाडी थांबली नाही. ती तिरकी होत मुरुमावरून घसरत गेली आणि उजव्या दरडीला धाडकन टेकली. इंजिन बंद पडलं. धूळ वर आली आणि खिडकीतून आत शिरली.

"बघ, म्हणून मी सांगत होते..." आईने सुरुवात केली.

मुलगी आपल्या पायांकडे बघत होती.

"मी ब्रेक दाबला नव्हता."

आईने पिशवीवरचे पाय मागे घेतले.

"माझा पाय बाजूला होता. पेडल आपोआप खाली गेलं, आई. मी बघितलं."

मग मुलीने वाकून आईच्या पायांशी असलेली कापडी पिशवी उचलली. खाली एक पेडल होतं. क्लासच्या जुन्या गाडीतलं, शिकवणाऱ्याच्या बाजूच्या ब्रेकचं. रबराची एक कड झिजून गुळगुळीत झालेली. पेडलपासून एक तार निघून पत्र्याला चिकटून मुलीच्या ब्रेककडे गेली होती.

"कधी बसवलंस?"

"परवा. तू दुपारची झोपली होतीस. गॅरेजातल्या मिस्त्रीने अर्ध्या तासात बसवून दिलं."

"आणि मला बोलला नाही?"

"तोसुद्धा माझ्याकडेच शिकलाय ना गाडी."

मुलीला हसू येणार होतं, ते आलं नाही. "दरीकडे घसरलो असतो तर?"

आईने डावीकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली.

"सोमवारी तिथे कोण बसणार आहे? लसींची पेटी दाबणार का ब्रेक?" मुलीने सीटमागून पाना काढून पुढे धरला. "काढ ते."

"खाली पोचलो की काढते."

"खाली पोचायचंय म्हणूनच काढायचंय."

आईने पाना घेतला. वाकून ती बराच वेळ झटत राहिली. तारेचा हूक सुटला. एक बोल्ट निघाला. दुसरा अडला, तशी मुलगी मदतीला सरकली.

"राहू दे. माझं मी काढते." बोल्ट निघाला. तिने तळवा साडीला पुसला, साडीवर काळा पट्टा उमटला. "या पेडलने किती जणांना वाचवलंय, तुला काय माहीत."

"माहितीय. मलाही वाचवलंय. दोनदा."

"तीनदा," आई म्हणाली.

मुलीने गाडी चालू केली, जरा मागे घेऊन सरळ केली आणि पुन्हा उतारावर सोडली. पेडल आता आईच्या मांडीवर होतं. पहिला दगड आला तसा तिचा उजवा पाय रिकाम्या पत्र्यावर दाबला गेला.

"आई, पाय."

तिने पाय मागे घेतला. पुढच्या वळणावर तो परत दाबला गेला.

"आई."

"अगं, मी कुठे दाबतेय! तोच जातो."

मग तिने चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घालून बसली. पेडल दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. पुढे बघवेना, म्हणून खाली बघितलं.

बोल्ट होते तिथे पत्र्याला दोन भोकं उरली होती. त्यांतून जमीन दिसत होती. दगड, मुरूम, पुन्हा दगड. कुठेही न अडता, एकेक करून सावकाश मागे जात होते. आणि मग, चकाकत, पाणी.